आकडा

दिवाडीत, माळारच्या बांधावर, ओहोटीला
रुझार मानशीच्या तोंडाशी जाळं लावून बसतो.
मी शेजारी. मांडीवर लॅपटॉप, उजेड कमी केलेला,
कारण सुंगटं बिथरतात, असं तो म्हणतो.
(मला वाटतं, त्यालाच तो उजेड आवडत नाही.)

मी सुट्टीवर आहे. आकाश नाही.
पाचशे चाळीस किलोमीटर वर
एका देशाचा उपग्रह दुसऱ्याच्या मागे
एकवीस दिवस चालतोय,
बोलावणं नसताना लग्नाला आलेला सोयरा
मांडवाच्या खांबाशी उभा राहतो तसा.
माझं काम एवढंच, दोघांना विचारायचं:
सरकताय का? कोण सरकतंय?
सकाळी विचारलं. दुपारी विचारलं.
दोन्हीकडून पोच येते.
पोच म्हणजे उत्तर नव्हे.

"किती जवळ येणार?"
पावणेतीनला, चारशे मीटर.
"म्हणजे हांगासून शाबाच्या माडापर्यंत."
हो, तेवढंच.
"आणि वेग?"
सांगितला. त्यानं बिडी विझवली.
"हाणतील?"
हाणायची वेळ येऊ नये म्हणूनच
दोघांनी हत्यारं ठेवलीत, मी म्हटलं,
आमच्या कागदांत त्याला प्रतिरोधन म्हणतात.
त्यानं शब्द तोंडात घोळवला आणि पाण्यात थुंकला.
"भंय म्हण गे."

मग बांधाकडे हनुवटी करून सांगत राहिला.
एकाहत्तर साली, नाही, बहात्तर,
त्याच्या बापानं आणि शाबाच्या बापानं
मानशीच्या लिलावावरून बोलणं टाकलं.
एका रात्री कुणीतरी बांधात पिकाव घातला.
कुणी, ते दोन्ही घरांना पक्कं माहीत आहे,
दोन्ही घरांत नाव वेगळं आहे.
भरती आली.
तिनं कुणाकडे एक-चौदाचा उतारा मागितला नाही.
इकडचं खाजन खारट, तिकडचं खारट,
तीन वर्षं कोरगुटाची एक लोंबी नाही.
रुझारची आई बाजारचा तांदूळ शिजवताना
झाकण उघडायची, वास घ्यायची, परत लावायची.

तेव्हापासून यांच्या मानशीची फळी उचलायचा आकडा
शाबाच्या घरात, खुंटीला.
शाबाचा यांच्याकडे, खुरसामागे.
फळी चढवायची असो की उतरवायची,
जाऊन मागायचा, काम झालं की परत.
झोपमोड दोघांची.
"मग बोलता एकमेकांशी?"
"कित्याक? आकडा मागतो. तो देतो."

मी त्याला सांगितलं नाही
की वरचा बांध फोडता येतो, बांधता येत नाही.
खाजन तीन पावसांत धुऊन निघालं.
तिथे एकदा ठिकऱ्या उडाल्या
की फिरतच राहतात, नातवंडांच्या डोक्यावरून,
फोडणाऱ्याच्या नातवंडांच्याही.
वर पाऊस पडत नाही.
आणि खुंटी ठोकायची कुणाच्या भिंतीत?

सव्वाएकला पाणी वळलं.
रुझार टॉर्च घेऊन शाबाच्या खिडकीखाली गेला,
एकदाच खाकरला.
आत दिवा लागला. गजांतून एक हात आला,
लोखंड देऊन गेला. दिवा विझला.
फळी खाली बसली तेव्हा
बांध माझ्या पायाखाली जरासा हलला.

दोनला दहा मिनिटं कमी असताना पडदा उजळला.
दोघांपैकी एकाकडून. कुणाकडून, ते सांगायची मला मुभा नाही.
संबोधन नाही, सही नाही.
सेकंदाला उणे शून्य पूर्णांक तीन मीटर.
नुसता आकडा.
मी तो दुसऱ्याला पाठवला.

रुझारनं काही विचारलं नाही.
तो सुंगटं निवडत होता, मोठी मोठी वेगळी काढून
आकड्याबरोबर शाबाच्या पायरीवर ठेवायला.
शाबा ती मांजराला घालतो, असं त्याचं म्हणणं.
तरी ठेवतो.

पावणेतीनला मी वर बघितलं.
ढग.